कुत्र्या-मांजरांना ऑक्टोबर का सोसत नाही?

मान्सून मुंबईतून परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. कधी चार दिवस आधी, कधी आठवडाभर उशिरा, पण ती बातमी येते आणि तिच्या पाठोपाठ दुसरी येते, ऑक्टोबर हीटचा तडाखा. छत्र्या माळ्यावर जातात. चार महिने घरात कोंडून पडलेल्या कुत्र्याला आता मनसोक्त फिरवू, असं घराघरांत ठरतं. त्याच सुमारास मोबाइलवर शरद ऋतूत प्राण्यांची काळजी कशी घ्यावी याचे सल्ले यायला लागतात. स्वेटर कपाटातून बाहेर काढून ठेवा, दिवस थंड झालेत तर फिरणं वाढवा, वाळक्या पानांच्या ढिगांवर लक्ष ठेवा. हे सल्ले खोटे नाहीत. पण ते ज्या देशांत लिहिले जातात तिथे सप्टेंबरनंतर पारा उतरतो. मुंबईत तो चढतो. ऑगस्टमध्ये तिशीच्या आसपास असणारं दुपारचं तापमान ऑक्टोबरात 34-35 अंशांवर जातं, एखाद्या दिवशी 36 सुद्धा ओलांडतं.

‘वैद्यानां शारदी माता’ असं जुनं वचन आहे. शरद ऋतू वैद्यांना आईसारखा पोसतो, कारण या दिवसांत आजार फार. प्राण्यांच्या दवाखान्याबाहेरचं बाकडं या महिन्यात बघितलं तर ते वचन त्यांनाही लागू पडतं हे कळतं. कोणी हाफतंय, कोणाला ताप आहे, कोणी दोन दिवस ताटलीला तोंड लावलेलं नाही. यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी मुंबईची हवा

पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असतं आणि वारा समुद्रावरून येतो, त्यामुळे उन्हाचा थेट मारा बसत नाही. मान्सून परतला की वारं फिरतं. रात्री आणि सकाळी ते जमिनीकडून येतं. शाळेच्या भूगोलात आपण त्यांना मतलई वारे म्हणायचो. दिवस वर आला की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि शहराला जरा दिलासा मिळतो. ऑक्टोबरात हे खारे वारे पुष्कळदा उशिरा सुटतात, आणि तोवर स्वच्छ आभाळातून ऊन तापत राहतं. शिवाय चार महिने पाणी प्यालेली जमीन, खाड्या आणि झाडं हवेत बाष्प सोडतच असतात. ऊन उन्हाळ्याचं आणि दमटपणा पावसाळ्याचा, असा हा महिना.

घाम नाही, मग अंग निवतं कसं?

आपल्या सगळ्या अंगाला घाम येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्या-मांजरांच्या अशा घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात. तेवढ्याने अंग निवत नाही. म्हणून कुत्रा हाफतो. शांत बसलेला कुत्रा मिनिटाला 10 ते 30 वेळा श्वास घेतो, हाफायला लागला की हाच आकडा 200 च्या वर जातो. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या भागावरून हवा वेगाने ये-जा करते, तिथल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता बाहेर पडते.

आता जुलै महिन्यात गॅलरीतल्या दोरीवर टाकलेले कपडे आठवा. दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कारण हवेत आधीच इतकं पाणी असतं की कपड्यांतल्या पाण्याला तिथे जागाच नसते. दमट हवेत कुत्र्याच्या जिभेवरचं पाणीही तसंच अडून राहतं. अंग निवत नाही म्हणून तो आणखी जोरात हाफतो. हाफायला मेहनत लागते, आणि त्या मेहनतीनेही अंग तापतं. म्हणून फक्त तापमानाचा आकडा बघून कुत्र्याला बाहेर काढणं पुरेसं नाही. 33 अंश आणि चिकचिक होत असेल, तर तो दिवस कोरड्या 36 अंशांपेक्षाही जड जाऊ शकतो.

पग, बुलडॉग, शित्झू यांना, तसंच पर्शियन मांजरांना हे सगळ्यात जड जातं. त्यांचं तोंड चपटं असल्यामुळे नाकाच्या आत हवा खेळायला जागाच कमी असते. म्हातारी, वजन वाढलेली आणि हृदयाचा त्रास असलेली जनावरंही याच गटातली.

“मे महिना तर निभावला की, मग आता काय?”

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मुंबईत मे आणि ऑक्टोबर यांचं दुपारचं सरासरी तापमान जवळजवळ सारखंच असतं. फरक असतो तो जनावराच्या तयारीत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत उकाडा पायरीपायरीने वाढतो आणि शरीर त्याची सवय करून घेतं. या सवयीला काही आठवडे लागतात. सप्टेंबरच्या शेवटी मात्र उकाडा आठ-पंधरा दिवसांत चढतो.

शिवाय पावसाळ्यात कुत्र्याचं फिरणं म्हणजे बिल्डिंगखाली उतरून शी-शू उरकणं. खाणं तेवढंच, हालचाल निम्मी. वजन वाढलेलं, दम कमी झालेला. असा कुत्रा पहिल्याच रविवारी समुद्रावर नेऊन तासभर चेंडूमागे पळवला की अंगात तयार होणारी उष्णता बाहेर टाकणं त्याला झेपत नाही. लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्याला तर थांबायचं कळतच नाही. तुम्ही चेंडू फेकाल तेवढा वेळ तो पळणारच. थांबणं आपल्या हातात असतं.

मग फिरवायचंच नाही?

फिरवायचं, पण वेळ बदलून आणि हळूहळू वाढवत. या दिवसांत मुंबईत साडेसहाच्या सुमाराला उजाडतं. सकाळचं फिरणं साडेसात-आठच्या आत संपवा. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर आणि पेव्हर ब्लॉक तापलेलेच असतात, म्हणून आठनंतरची वेळ बरी. निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजा. तुम्हाला हात ठेवता येत नसेल तर त्याच्या पंजालाही तिथे चालवत नाही. शिवाजी पार्कच्या मातीवर किंवा वर्सोव्याच्या ओल्या वाळूवर हा त्रास कमी होतो, पण वर ऊन तेच असतं.

पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं पुरे. पुढे दर आठवड्याला थोडं वाढवत नेलं तर दिवाळीनंतर, हवा खरोखर सुखाची झाल्यावर, तो हवा तेवढा पळू शकेल. सोबत पाण्याची बाटली आणि वाटी ठेवा. हाफायला लागला की सावलीत बसा, आणि हाफणं पूर्ण थांबल्याशिवाय पुढे निघू नका.

दुपारचा वेळ घरात घालवायचा, पण नुसता झोपेत नको. कुत्र्याला दमवायला पळवावंच लागतं असं नाही. नाकाने शोधायला लावलं तरी तो छान दमतो. जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या खाण्याचे दाणे लपवून गुंडाळी करा आणि ती सोडवायला द्या. सोफ्याच्या पायाशी, दाराआड, खुर्चीखाली एकेक दाणा ठेवा आणि शोधायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांत तो समाधानाने फरशीवर पसरेल. मांजरांना दोरीच्या टोकाला बांधलेला कागदाचा बोळाही पुरतो, पण त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं-थोडं खेळायला आवडतं.

“रस्त्यावरची कुत्री तर उन्हातच असतात ना?”

भर दुपारी नीट बघा, ती उन्हात नसतात. उभ्या गाडीखाली, दुकानाच्या पायरीआड, नळाच्या गळतीपाशी ओल्या मातीत खड्डा करून पडलेली असतात. कधी हलायचं आणि कधी नाही, हे ती स्वतः ठरवतात. आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याचं दुसरं टोक आपल्या हातात, त्यामुळे त्याला ती निवड नसते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचे आखूड केस आणि लांब नाकाडही या हवेला सोयीचं आहे. तरी सोसायटीच्या गेटबाहेर त्यांच्यासाठी पाण्याचं भांडं जरूर ठेवा. रोज घासून पाणी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील.

केस कापून टाकले तर? एसी लावला तर?

हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते उन्हाची झळ आत येऊ देत नाहीत. मुळापासून भादरले तर उन्हाने कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच याची खात्री नसते. त्यापेक्षा रोज विंचरून आतले सुटे केस काढा, म्हणजे हवा खेळते. एसी चालेल. तो हवेतला दमटपणा कमी करतो, त्यामुळे हाफण्याचा उपयोग होतो. फक्त गारव्यातून थेट भर उन्हात नेऊ नका. नुसता पंखा मात्र कुत्र्याला आपल्याइतका उपयोगी पडत नाही, कारण वाळायला त्याच्या अंगावर घामच नसतो. अंग पाण्याने ओलं केलं तर पंख्याचा उपयोग होतो.

उष्माघात ओळखायचा कसा?

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ते 41 च्या पुढे गेलं की शरीरातले अवयव बिघडायला लागतात.

त्याचा वरचा ओठ हलकेच उचलून हिरड्या बघायची सवय आतापासूनच लावा. निरोगी हिरडी ओली आणि गुलाबी असते. बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा. हिरडी विटेसारखी लालभडक दिसली, कोरडी किंवा चिकट लागली, लाळ घट्ट होऊन लोंबायला लागली, चाल अडखळली, उलटी झाली, तर फोटो काढत किंवा ग्रुपवर विचारत बसू नका.

सावलीत घ्या. नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर सतत ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच अडकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. आधी निववणं सुरू करा, मग टॅक्सी बोलवा आणि रस्ताभर एसी चालू ठेवा. तो उठून बसला, शेपटी हलवायला लागला, तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाला, आतड्यांना किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते. मध्य मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं आहे. तुमच्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे मात्र आजच विचारून ठेवा.

पाऊस गेला, गोचिडी राहिल्या

उष्माघाताने जनावर डोळ्यांसमोर कोसळतं, म्हणून आपण निदान घाबरतो. गोचीड ताप गुपचूप येतो, आणि मला या महिन्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड उष्ण, दमट हवेत झपाट्याने वाढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं, पुन्हा चढतं. असं तीन वेळा होतं. म्हणून अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा एकूण संख्येतला थोडाच भाग असतो, बाकीच्या घरात आणि जिन्यात असतात. चावताना त्या रक्तात जंतू सोडतात. एर्लिकिया आणि बबेसिया ही त्यातली नेहमी आढळणारी नावं. दोन्ही आजारांना मिळून लोक टिक फिव्हर म्हणतात. चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. गणपतीत चावलेल्या गोचिडीचा ताप नवरात्रात दिसतो, आणि घरचे म्हणतात, “आता तर अंगावर एकही नाही.”

बोटं फिरवून शोधा. कानाच्या पाळीची आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा, शेपटीखाली आणि पंजाच्या बोटांमधली जागा. शेवटच्या जागेत ती सगळ्यात जास्त वेळा निसटते, कारण कुत्रे तिथे हात लावू देत नाहीत. लहान गोचीड तिळाएवढी, तपकिरी, चपटी असते, तर रक्त प्यायलेली मादी करड्या रंगाची आणि वाटाण्याएवढी. चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा, सरळ वर ओढा, डेटॉलच्या किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखाने चिरडू नका आणि काडीने जाळू नका.

आपल्याकडे रॉकेल लावण्याची, कापूर तेलात घालून चोळण्याची जुनी पद्धत आहे. कृपा करून ते करू नका. कुत्रा अंग चाटतो आणि हे दोन्ही त्याच्या पोटात जातं. डॉक्टर वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर लावायचं औषध देतात, त्याचा परिणाम एक ते तीन महिने टिकतो. कुत्र्याला झटके येत असतील तर तसं आधी सांगा, कारण काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत. आणि कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत असणाऱ्या परमेथ्रिन या कीटकनाशकाने मांजर दगावतं.

कुत्रा सुस्त झाला, जेवण टाकलं, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, यातलं एकही दिसलं तर रक्त तपासून घ्या. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी झाल्या असतील तर संशय बळावतो. औषधं आहेत, वेळेवर दिली तर बहुतेक कुत्रे बरे होतात. पण एर्लिकियाची गोळी साधारण चार आठवडे चालते, आणि चौथ्या दिवशी कुत्रा खायला लागला की घरचे ती बंद करतात. मग आजार महिन्यांनी उलटतो, तेव्हा तो हाडांतल्या मगजापर्यंत पोचलेला असू शकतो.

ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या शरीराला ती पचवताच येत नाही, एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेनही कुत्र्या-मांजरांना घातक आहे.

“आमचा कुत्रा फ्लॅटमधून बाहेर जातच नाही”

गोचीड जिन्याने, शेजारच्या कुत्र्याबरोबर, कधी माणसाच्या पायजम्यालाही चिकटून येते. ती भिंत चढते आणि न खाता महिनोन्महिने तग धरते. त्यामुळे औषध घरातल्याही कुत्र्याला लागतं, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी केलं तरच त्याचा पुरता उपयोग होतो. हा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे.

लेप्टोचंही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचंही, असंच. उंदरांच्या लघवीतून त्याचा जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या चिखलात उतरतो. जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने त्याची माणसांतली साथ पाहिली. कुत्र्यांनाही तो होतो, मूत्रपिंड आणि यकृतावर जातो, आणि कुत्र्याच्या लघवीतून घरच्या माणसांना होऊ शकतो. ऑक्टोबरात गटारांच्या कडेचा चिखल अजून वाळलेला नसतो. लसीचं कार्ड काढून बघा. रेबीजच्या स्टिकरशेजारच्या एकत्रित लशीच्या स्टिकरवर लेप्टोस्पायराचं नाव आहे का? सगळ्याच लशींत ते नसतं. असलं तरी ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

मांजरांचं थोडं वेगळं

मांजर उन्हात पळायला जात नाही, त्यामुळे उष्माघात कमी. पण मांजर तोंड उघडून हाफताना दिसलं तर ते कुत्र्यासारखं साधं हाफणं समजू नका, लगेच दवाखाना गाठा. मांजरं पाणी मुळात कमी पितात, म्हणून दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा, खाण्यापासून लांब. ओलं खाणं दिलं तर त्यातूनही पाणी जातं.

आणि खिडक्या. उकाड्याने घराघरांत खिडक्या सताड उघडतात, बाहेर ग्रिलवर कबुतर बसतं, आणि मांजर झेप घेतं. ग्रिलच्या गजांमधून ते सहज बाहेर जातं. डासांची नायलॉनची जाळी त्याच्या नखांपुढे टिकत नाही, स्टीलची घट्ट जाळी बसवून घ्या. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरूनही पाय आणि जबडा मोडतो.

दिवाळीची तयारी दिवाळीआधी

फराळाचा डबा जमिनीवर ठेवू नका. चॉकलेट, बेदाणे आणि मनुका, कांदा-लसूण घातलेलं तिखटमिठाचं काहीही कुत्र्याला विषारी ठरू शकतं. तुपकट मिठाईने स्वादुपिंडाला सूज येते. साखर नसलेल्या गोड पदार्थांत साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर ते कुत्र्यासाठी फार घातक. घरात मांजर असेल तर फुलांच्या गुच्छातली लिली घरात आणूच नका. तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रात्री 8 ते 10 अशी वेळ घालून दिली, पण आवाज त्याआधी सुरू होतात आणि नंतरही चालू राहतात. त्या चार दिवसांत संध्याकाळचं फिरणं थोडं ऊन असलं तरी अंधार पडायच्या आत सावलीतून उरका, आणि पट्टा दुहेरी बांधा. घाबरलेला कुत्रा एका झटक्यात गळपट्ट्यातून मान काढतो. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. घरात खिडक्या लावा, एसी किंवा पंखा चालू ठेवा, पलंगाखाली त्याची चादर टाका. जवळ घेतलं तर भीती वाढते असं पुष्कळजण सांगतात, ते खरं नाही. तो तुमच्या मांडीला चिकटून थरथरत असेल तर खुशाल जवळ घ्या.

दरवर्षी ज्याचे हाल होतात त्याच्यासाठी भीती कमी करणारी औषधं आहेत. वसुबारसेच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा आणि एखाद्या शांत दिवशी त्यांनी सांगितलेला डोस एकदा देऊन बघा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री किती द्यायचं आणि किती आधी द्यायचं हे नक्की ठरवता येईल.